नाव गावाचे, गाणे खाँसाहेबांचे

रत्नागिरीचा माणूस आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून मिरजेला जातो तो बहुधा दवाखान्यासाठी. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून चार-पाच पिढ्या कोकणी माणसाची ही वाट ठरलेली आहे. ऑपरेशन होते, टाके निघतात, नातेवाईक ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्यात जाऊन फातेहा पढतात आणि गाडी पकडून घरी येतात. त्या दर्ग्याच्या आवारात एक साधी कबर आहे. बहुतेकांची पावले तिच्यावरून नजर न टाकताच पुढे जातात. ती कबर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची आहे.

याच दर्ग्याच्या उरसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. चिंचेच्या झाडाखाली बैठक मांडायची, गायक-वादकांनी आपली हजेरी लावायची आणि रसिकांनी जमिनीवर मांडी घालून ऐकायचे, अशी तिची रीत. मोठ्या शहरातल्या महोत्सवात हजारो खुर्च्या मांडलेल्या असतात, कलावंत कुठेतरी दूर दिव्यांच्या झोतात बसलेला असतो. इथे तसे नाही. गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा इतके श्रोते जवळ असतात. युरोपात अशा लहान दालनातल्या संगीताचे वेगळे महोत्सव भरतात. आपल्याकडे त्याला सरळ मैफल किंवा बैठक म्हणतात. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा थोरांनी या दर्ग्यात सेवा म्हणून गायन केलेले आहे. याच उरसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही सांगितले पाहिजे. आमच्या रत्नागिरीजवळच्या हातीसला पीर बाबरशेखच्या उरसात हिंदू-मुसलमान दोघे असतात, त्यातलाच हा प्रकार. आम्हा कोकण्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

परंतु आज आम्हाला उरसाविषयी नव्हे, त्या बैठकीत बसणाऱ्या कलावंतांच्या कारकिर्दीविषयी लिहायचे आहे. कारण या कारकिर्दी नीट वाचल्या तर आपल्याच इतिहासाचे एक पान उघडते, आणि ते पान आपण मराठी मुसलमानांनी फारसे वाचलेले नाही.

परिचयपत्रिका कशी वाचावी

कोणत्याही संगीत महोत्सवाची पत्रिका हातात घ्या. मिरजेची घ्या, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची घ्या, किंवा आमच्या रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलने भरवलेल्या संगीत महोत्सवाची घ्या. प्रत्येक कलावंताचा परिचय सहा-सात ओळींत दिलेला असतो. अमुक घराण्याचे, तमुक गुरूंकडे इतकी वर्षे तालीम, हे पुरस्कार, या देशांचे दौरे. श्रोते पुरस्कारांची ओळ वाचतात. आमची विनंती आहे की गुरूंची ओळ वाचावी आणि ती धरून मागे चालत जावे.

समजा, पत्रिकेत डॉ. प्रभा अत्रे यांच्या एखाद्या शिष्येचे नाव आहे. प्रभाताई १९३२ साली जन्मल्या आणि १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या. त्यांचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. हे दोघे सख्खे बहीण-भाऊ, आणि त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ. समजा, एखादा गायक भीमसेन जोशींच्या परंपरेतला आहे. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. समजा, कोणी किशोरी आमोणकरांच्या शिष्यवर्गातले आहे. किशोरीताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, आणि मोगूबाईंचे गुरू अल्लादिया खाँ. दोन पायऱ्या, फार तर तीन. तेवढ्यात आपण एका खाँसाहेबांच्या उंबऱ्याशी पोहोचतो.

मग ही नावे लोकांच्या तोंडी का नाहीत? एक कारण साधे आहे. आपल्या संगीतात घराण्याला नाव मिळाले ते गावाचे, माणसाचे नाही. किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातले कैराना, आजच्या शामली जिल्ह्यातले. जयपूर-अत्रौलीतली अत्रौली अलीगढ जिल्ह्यात आहे. आग्रा सर्वांना माहीत आहे. भेंडीबाजार घराणे तर मुंबईच्या एका मोहल्ल्याच्या नावाने चालते. 'किराणा घराणे' म्हटले की ऐकणाऱ्याला वाण्याचे दुकान आठवते, कैरानाचा मुसलमान गवई आठवत नाही. गाव राहिले, माणूस पुसला गेला. यात कोणाचा कट नाही. पण इतिहासाचे असे पुसणे थांबवायचे तर कोणीतरी ते नाव पुन्हा लिहावे लागते.

दरबार, सर्कस आणि तिकीट

ही मंडळी उत्तरेतून दक्षिण महाराष्ट्रात आली ती पोटासाठी. मोगल दरबार संपला, संस्थाने उरली. गवयाला नोकरी द्यायची ती राजाने. युरोपातही हेच होते. हायडन हा थोर रचनाकार १७६१पासून एस्टरहाझी सरदारांच्या पदरी चाकरीला होता, अंगावर चाकराचा पोशाख घालून. १७९० साली त्याचा धनी वारला आणि पुढच्याच वर्षी तो लंडनला तिकिटाच्या जलशांसाठी गेला. दरबाराकडून तिकिटाकडे हा जो प्रवास युरोपात अठराव्या शतकात घडला, तो आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत घडला. आपल्या खाँसाहेबांच्या कारकिर्दी याच उलथापालथीत सापडल्या.

रहिमत खाँचे उदाहरण घ्या. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचा हा मुलगा. आवाज असा की लोकांनी त्यांना 'भूगंधर्व' म्हटले. वडील गेल्यावर त्यांची जीवननौका भरकटली. त्यांना आधार दिला तो विष्णुपंत छत्रे यांनी. विष्णुपंत सर्कशीचे मालक म्हणून प्रसिद्ध, पण ते हद्दू खाँकडे गाणे शिकलेले होते. आपल्या उस्तादाचा मुलगा त्यांनी स्वतःजवळ ठेवला. सर्कशीच्या मुक्कामाबरोबर रहिमत खाँ हिंडले, गायले. विष्णुपंत १९०५ साली वारल्यावरही छत्रे कुटुंबाने त्यांना अंतर दिले नाही. कृष्णाकाठच्या कुरुंदवाडला १९२२ साली रहिमत खाँनी देह ठेवला. एका ब्राह्मण शिष्याने उस्तादाच्या मुलाला आयुष्यभर सांभाळले. गुरूच्या मुलाची जबाबदारी शिष्याची, हा त्या परंपरेचा कायदा होता आणि तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता.

मिरजेचे करीम खाँ

अब्दुल करीम खाँचा जन्म १८७२ साली कैराना येथे झाला. वडील काले खाँ यांच्याकडे तालीम. भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर ते जोडीने गात. तरुणपणीच बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी त्यांना जागा मिळाली. तिथे राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचे प्रेम जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. एका क्षणात दरबाराची नोकरी गेली. पुढची चाळीस वर्षे या माणसाने आपली भाकरी आपल्या गळ्यावर मिळवली. मुंबई, मिरज, धारवाड, बेळगाव, पुणे असे मुक्काम झाले, पण घर म्हणावे ते मिरजेलाच. सांगतात की प्लेगच्या साथीत ते मिरजेत आजारी पडले, दर्ग्यात आश्रय घेतला आणि बरे झाले. तेव्हापासून ते त्या दर्ग्याचे झाले.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. १९१३ साली त्यांनी पुण्यात 'आर्य संगीत विद्यालय' काढले. मुले तिथेच राहत, जेवत, शिकत. गरिबाच्या मुलाकडून फी नाही. खर्च भागवायचा कसा? खाँसाहेब आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव जलसे करीत आणि त्या तिकिटांच्या पैशांवर शाळेची चूल पेटे. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला 'आर्य' नाव दिले, याचे तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. आज वाटते.

या शाळेत आणि शाळेबाहेर त्यांनी शिकवण्याची जी पद्धत ठेवली ती आम्हा बी.एड.वाल्यांनी पाहण्यासारखी आहे. कुंदगोळचा रामभाऊ नावाचा मुलगा शिकायला आला तेव्हा त्यांनी अट घातली, आठ वर्षे राहावे लागेल. पाठटाचण नाही, घटक चाचणी नाही. सकाळी खर्ज, मग एकेक स्वर, तो जागेवर बसल्याशिवाय पुढचा नाही. हाच रामभाऊ पुढे सवाई गंधर्व झाला. खाँसाहेब स्वतः हत्यारे बाळगीत आणि तंबोऱ्याची जवारी, दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुतींचे गणित मांडत होते, तेव्हा ते स्वर गळ्यातून काढून दाखवायला करीम खाँच पुढे बसले. म्हैसूर दरबाराने त्यांना 'संगीतरत्न' म्हटले. दक्षिणेत जाऊन त्यांनी कर्नाटक सरगम आत्मसात केली, त्यागराजांच्या रचना गायल्या. मराठी नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका दिल्या. कैरानात जन्मलेला हा माणूस उर्दू, हिंदी, मराठी आणि तेलुगू असा चार भाषांत गायला.

घरचे आयुष्य मात्र दुभंगले. १९२२च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीच्या हिराबाई झाल्या, सकीनाच्या सरस्वतीबाई झाल्या. नावे बदलली तरी गळे तेच राहिले. हिराबाईंनी वडिलांचे नातलग अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली. ज्या काळात कुलीन स्त्रीने सभेत गाणे हीच बदनामी होती, त्या काळात त्यांनी तिकीट लावून भर सभागृहात मैफली केल्या. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठी घराघरांत हिराबाईंचा फोटो लागला. त्यांचे वडील कोण, हे त्यातल्या किती घरांना ठाऊक होते?

१९३७च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर सतरंजी अंथरली, तंबोरा जुळवायला सांगितला. स्वर लावून अल्लाचे नाव घेता घेता प्राण गेला, असे त्यांचे शिष्य सांगत आले. तो दिवस २७ ऑक्टोबर १९३७. मय्यत मिरजेला आणली आणि दर्ग्यात दफन झाली. चिंचेखालची बैठक आजही ज्यांच्या नावाने भरते ते हे गृहस्थ.

कोल्हापूरचे अल्लादिया खाँ

मिरजेहून तास-दीड तासावर कोल्हापूर. तिथली कथा वेगळी आहे. अल्लादिया खाँ १८५५ साली राजपुतान्यातल्या उनियारा येथे जन्मले. आमलेटा नावाच्या ठिकाणी दिवसेंदिवस गाऊन त्यांचा मूळ आवाज बसला. गवयाचा आवाज गेला म्हणजे सुताराचा हात गेला. त्यांनी हाय खाल्ली नाही. उरलेल्या आवाजाला झेपेल, पण बुद्धीची कमाल दाखवील अशी वक्र, पल्लेदार गायकी त्यांनी घडवली. आज जयपूर गायकी म्हणून जिचा दरारा आहे, ती एका अपंगत्वावर केलेली मात आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी ठेवले. शाहू महाराजांचे शिक्षण, वसतिगृहे, आरक्षण हे आपण आदराने सांगतो. मुस्लिम बोर्डिंगही सांगतो. दरबारातला हा गवई मात्र सांगायचा राहतो. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा अल्लादिया खाँ सदुसष्टाव्या वर्षात होते. त्या वयात त्यांनी मुंबईची वाट धरली. तिथे राजा नव्हता. शेटिये होते, शिकवण्या होत्या. केसरबाई केरकर १९२१पासून त्यांच्या गंडाबंध शिष्या होत्या, मोगूबाई कुर्डीकरांनी अपार हाल सोसून त्यांची विद्या मिळवली. १९४६च्या मार्च महिन्यात, नव्वदी ओलांडून, ते मुंबईतच गेले. केसरबाईंच्या आवाजातली एक भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. आपल्या देशाचा म्हणून जो एक आवाज ताऱ्यांकडे पाठवला गेला, त्यामागे कोल्हापूरच्या खाँसाहेबांची तालीम आहे.

त्यांचे मधले चिरंजीव मंजी खाँ १९३७ साली अकाली गेले. धाकटे, भुर्जी खाँ, १९५० साली गेले. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी या दोघा भावांकडे विद्या घेतली आणि आयुष्यभर त्यांचे नाव घेताना कानाची पाळी पकडली. धोंडूताई कुलकर्णींनी भुर्जी खाँची विद्या सांभाळली. आपले आयुष्य अल्लादिया खाँनी नातू अजीजुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगून लिहवून ठेवले. ते वाचले म्हणजे कळते की दरबारी गवयाचे आयुष्य म्हणजे नुसत्या शाली आणि मोहरा नव्हेत. उधारी, प्रवास, घरातले मृत्यू, धन्याची लहर हे सगळे त्यात आहे.

ज्यांची नावे पडद्यामागे राहिली

मराठी माणसाला नाट्यसंगीत म्हणजे जीव की प्राण. आमच्या कोकणात तर शिमगा-जत्रेला आजही नाटक लागते. १९१६च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. भास्करबुवा शिकले कोणाकडे? फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. म्हणजे जे संगीत अस्सल मराठी म्हणून आपण छातीशी धरतो, त्याच्या गळ्यात, तालात आणि तारेत खाँसाहेब आहेत. रामकृष्णबुवा वझे हे सावंतवाडीकडचे, आपल्याच मातीतले. तेही पायपीट करीत ग्वाल्हेरला गेले आणि निसार हुसेन खाँकडे शिकले. कोकणातून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरातून कुरुंदवाड, अशी ही दोन्ही दिशांची वाहतूक होती.

मुंबईच्या भेंडीबाजारात छज्जू खाँ, नजीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे मुरादाबादकडचे तीन भाऊ येऊन राहिले. त्यांच्या घरातल्या अमान अली खाँनी लता मंगेशकरांनाही तालीम दिली. आपल्या कोकणी मुसलमानांचे भेंडीबाजाराशी किती जुने नाते! जहाजावर जाणारा, गल्फचा व्हिसा करणारा, लग्नाचा बस्ता बांधणारा प्रत्येक जण त्या रस्त्याने गेलेला आहे. पण ते एका घराण्याचेही नाव आहे, हे किती जणांना माहीत असते?

आणि वाद्ये? मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार नावाचे कारागीर होते. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. राज्ये बुडाली, तलवारी म्यानात गेल्या, धंदा बसला. या कारागिरांनी भोपळा, लाकूड आणि तार हाती घेतली. पंढरपूरकडचे भोपळे येऊ लागले आणि हत्यारांची गल्ली सतारमेकरांची गल्ली झाली. देशभरातल्या मैफलींत गायकाच्या मागे जे तंबोरे उभे असतात, त्यातले कितीतरी मिरजेच्या मुसलमान कारागिरांच्या हातचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पत्रिकेत गायकाचे नाव असते, साथीदारांचे असते, तंबोरा बनवणाऱ्याचे नसते.

मग पुढची पिढी कुठे गेली?

इथवर वाचून काही वाचकांचा ऊर भरून येईल आणि काहींच्या मनात सल उठेल. आमच्या उस्तादांनी सगळे दिले आणि आज पत्रिकेत आमची नावे इतकी कमी का? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. पण त्याचे उत्तर रागाने देता येत नाही, इतिहासाने द्यावे लागते.

पहिले कारण पोटाचे. दरबार गेले. गवयाच्या मुलाला ना जमीन, ना पेन्शन. ज्या बापाने तीस वर्षे रियाज करून अखेर शिकवण्यांवर दिवस काढले, तो मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार की तूही हेच कर?

दुसरे कारण कागदाचे. संगीत शाळेत आले, ही चांगलीच गोष्ट झाली. विष्णु दिगंबर पलुसकर, हेही कुरुंदवाडचे आणि मिरजेत शिकलेले, यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या परीक्षांचा कारभार पुढे मिरजेतूनच चालला. मध्यमवर्गातल्या मुली गाणे शिकू लागल्या, गाण्याला अब्रू आली. पण आता शिक्षकाला प्रमाणपत्र लागू लागले, स्वरलिपी लिहिता यावी लागली. ज्यांच्या कंठात शेकडो बंदिशी होत्या, पण हातात कागद नव्हता, ते दाराबाहेर राहिले. शिक्षणापासून दूर राहिल्याची जी किंमत आपल्या समाजाने सगळीकडे मोजली, तीच इथेही मोजली.

तिसरे कारण फाळणीचे. करीम खाँच्या शिष्या रोशन आरा बेगम मुंबईत नाव कमावून होत्या. १९४८ साली त्या पाकिस्तानात गेल्या आणि लालामूसा या गावी राहिल्या. १९८२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या जाण्याने इकडची एक फांदी तुटली आणि तिकडे तिला पुरेसे पाणी मिळाले नाही.

चौथे कारण आपले स्वतःचे आहे. गाणे-बजावणे जायज की नाजायज, यावर आपल्यात मतभेद आहेत. उलेमांचा तो विषय आहे, आम्ही त्यात शिरत नाही. पण त्यापलीकडे एक भाग निव्वळ प्रतिष्ठेचा होता. गवयाचे खानदान म्हणजे खालचे, सोयरीक नको, असे शरीफ म्हणवणाऱ्यांनीच ठरवले. करीम खाँच्या मय्यतीला खांदा देणे वेगळे आणि त्यांच्या मुलाला मुलगी देणे वेगळे. ही वस्तुस्थिती कडू आहे, पण ती मान्य केल्याशिवाय दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

आणि शिष्यांनी तर नाव पुसलेले नाही. करीम खाँचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले ते बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी, १९७२ साली. अल्लादिया खाँविषयी मराठीत लिहिले ते गोविंदराव टेंबे यांनी. सवाई गंधर्वांच्या स्मृतीत १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू झाला, तो भरवणाऱ्या मंडळाचे नावच 'आर्य संगीत प्रसारक मंडळ' आहे, उस्तादाच्या शाळेची आठवण देणारे. भीमसेनजी लहानपणी करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून घर सोडून गेले, हे ते स्वतः सांगत. विद्या 'गेली' नाही, ती उस्तादांनी आपखुशीने दिली आणि घेणाऱ्यांनी कृतज्ञतेने सांभाळली. लिहायचे राहिले ते आपण मराठी मुसलमानांनी. खाँसाहेबांवर मराठीत लिहिलेले एखादे पुस्तक आपल्यापैकी कोणाचे आहे, असे विचारले तर आपल्याला खाली पाहावे लागते.

आजही मुसलमान कलावंत आहेत, नाहीत असे नाही. धारवाडच्या सतारिये घराण्यातले उस्ताद उस्मान खाँ पुण्यात स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी शिष्य घडवले. रामपूर-सहसवानचे रशीद खाँ अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, ९ जानेवारी २०२४ रोजी गेले, तेव्हा महाराष्ट्रातल्या रसिकांनी घरचे माणूस गेल्यासारखे दुःख केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकिर हुसेन गेले. परंतु ही नावे उस्तादांच्या घरांतली आहेत. रत्नागिरी, चिपळूण, दापोलीच्या साध्या मुसलमान घरातला मुलगा पत्रिकेत कधी दिसेल?

वर्गात काय करता येईल

आमच्या शाळेतली मुले घरी कोकणी बोलतात, वर्गात उर्दू वाचतात आणि बाजारात मराठी. खान म्हटले की त्यांना सिनेमाचे तीन खान पाठ असतात. चौथा खान विचारला तर वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही, त्यांना कोणी सांगितलेच नाही. इतिहासाच्या पुस्तकात मुसलमान भेटतो तो तलवार घेतलेला. तंबोरा घेतलेला मुसलमान त्यांना भेटला पाहिजे, आणि तो दिल्ली-लखनौचा नव्हे, घाटापलीकडच्या मिरज-कोल्हापूरचा भेटला पाहिजे. म्हणजे 'तुम्ही बाहेरचे' असे कोणी म्हटले तर मूल भांडणार नाही, माहिती सांगेल.

यासाठी मुलाला गवई करण्याची गरज नाही. ज्या पालकांना गाणे पसंत नाही त्यांनी ते शिकवू नये. इतिहास सांगायला तर कोणाची हरकत नसावी. आम्ही सहकारी शिक्षकांना सुचवतो की सहल मिरजेवरून जात असेल तर दर्ग्यात फातेहा झाल्यावर मुलांना त्या कबरीपाशी पाच मिनिटे उभे करावे आणि फलाटावरच्या सतरंजीची गोष्ट सांगावी. मग सतारमेकर गल्लीत न्यावे, भोपळ्याला तार कशी चढते ते दाखवावे. प्रकल्पवहीत दरवर्षी तेच ते चिकटवण्यापेक्षा मुलांनी आपापल्या मोहल्ल्यात विचारून यावे की इथे सनई कोण वाजवत असे, ताशा कोणाचा, बँड कोणाचा, नाटकाला तबला कोण देई. त्या वाजवणाऱ्यांची नावे म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली आहेत. ती उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.

आणि जे वाचक यंदा आमच्या रत्नागिरीत किंवा आणखी कुठे एखाद्या मैफलीला जाऊन बसतील, त्यांनी पत्रिका घडी घालून खिशात टाकण्याआधी गुरूंची ओळ वाचावी, आणि शेजारी आपले मूल बसले असेल तर बोट ठेवून त्याला ते नाव मोठ्याने वाचायला लावावे.